सामायिक ड्राइव्ह उघडत नाही : आधी निदान, मग उपाय

भिलाई-दुर्गपासून राजनांदगावमार्गे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत धानाचा मोठा पट्टा पसरलेला आहे. या पिकावर तपकिरी तुडतुड्यांची संख्या प्रति चूड ५ ते १० या आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचली, की सल्ला विनाविलंब शेतकऱ्यांपर्यंत जाणे आवश्यक असते. अन्यथा थोड्याच दिवसांत बांधीत करपलेले गोलाकार चट्टे दिसू लागतात. सर्वेक्षणाच्या नोंदी अनेक कार्यालयांत एका मुख्य संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. इतर संगणकांवर तोच फोल्डर ‘झेड’सारखे अक्षर देऊन जोडला जातो. यालाच नेटवर्क ड्राइव्ह मॅप करणे म्हणतात. ही जोडणी तुटली, की प्रत्येक जण पेन ड्राइव्हवर स्वतंत्र प्रत ठेवू लागतो आणि जुन्या आकड्यांवरून सल्ला निघण्याचा धोका निर्माण होतो.

कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हाच नियम येथेही लागू पडतो. तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. व्याप्ती : अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, हे प्रथम पाहावे. सर्वांवर असल्यास मुख्य संगणक, स्विच किंवा वीजपुरवठा तपासावा. एकावरच असल्यास त्याची केबल किंवा वाय-फाय जोडणी पाहावी.

२. लाल फुली : ड्राइव्हच्या चिन्हावर लाल फुली असूनही दोनदा क्लिक केल्यावर तो उघडत असेल, तर बिघाड गंभीर नसतो. नेटवर्क सुरू होण्याआधीच विंडोजने जोडणीचा प्रयत्न केलेला असतो.

३. नाव की मार्ग : कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ आज्ञेने मुख्य संगणकाचा आयपी क्रमांक आणि नंतर त्याचे नाव तपासावे. क्रमांकाला उत्तर मिळते, नावाला मिळत नाही, तर दोष नाव शोधण्याच्या व्यवस्थेत आहे. मुख्य संगणकाचा क्रमांक राउटरमध्ये कायम राखून ठेवल्यास तो बदलत नाही. पिंगला उत्तर मिळूनही फोल्डर उघडत नसेल, तर फायरवॉलमध्ये पोर्ट ४४५ अडवले आहे का, हे पाहावे.

४. त्रुटी क्रमांक : ‘नेट यूज’ आज्ञेने ड्राइव्ह जोडून पाहिल्यास दिसणारा क्रमांक निदानास उपयुक्त ठरतो. ५३ म्हणजे मार्ग सापडला नाही; ५ म्हणजे परवानगी नाही; ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे; १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा; १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी सुरू आहे. पासवर्ड बदलल्यानंतर अडचण आली असल्यास क्रेडेन्शियल मॅनेजरमधील जुनी नोंद काढावी.

५. प्रशासक अधिकार : एखादा प्रोग्राम प्रशासक म्हणून चालवल्यास त्याला मॅप केलेला ड्राइव्ह बहुधा दिसत नाही. अशा वेळी अक्षराऐवजी फोल्डरचा पूर्ण नेटवर्क मार्ग द्यावा.

विंडोज अद्ययावत केल्यानंतर जुने साठवण उपकरण दिसेनासे झाले, तर कारण बहुधा एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती असते. तिच्यातील दोषाचा वापर करून १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. त्याच वर्षी २७ जूनच्या नॉटपेट्या हल्ल्यानेही पसरण्याच्या इतर मार्गांबरोबर या दोषाचा उपयोग केला आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून ही पद्धत मूळ मांडणीतून काढण्यास सुरुवात झाली. ती पुन्हा सुरू केल्यास ड्राइव्ह लगेच दिसतो. मात्र संपूर्ण कार्यालय असुरक्षित होते. त्याऐवजी उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करून दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडावी. ते शक्य नसल्यास उपकरण बदलावे. २०२४ च्या विंडोज ११ प्रो २४एच२ आवृत्तीत पासवर्डविरहित पाहुणा-प्रवेशही मूळतः बंद आहे. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा.

हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व्हरचे नाव, आयपी क्रमांक, फोल्डरचा मार्ग आणि ड्राइव्हचे अक्षर एका कागदावर लिहून संगणकाजवळ लावावे. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. जोडणी बंद असताना नोंदी एकाच ठरवलेल्या संगणकावर तारखेनुसार ठेवाव्यात. पातळी ओलांडल्याची नोंद आढळल्यास ड्राइव्ह दुरुस्त होण्याची वाट न पाहता ती दूरध्वनीने त्वरित कळवावी.