एक कार्ड, अनेक कामं: कॉलेजला कार्ड विकू नका, रांग कमी करून द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कर्जत-खालापूर पट्ट्यात कमी भांडवलात सुरू करता येईल अशा एका कामाबद्दल बोललो. ते म्हणजे कॉलेजसाठी एकच बहुउपयोगी ओळखपत्र. व्हिडिओत हिशेब भरभर सांगितला गेला, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी गिऱ्हाईकाची अडचण बघा

आपल्याकडे कॉलेजं कमी नाहीत. कर्जतला कोकण ज्ञानपीठ, खोपोलीला के.एम.सी., कुंभिवलीला विश्वनिकेतन, रसायनीला पिल्लई. मोठ्या संस्था आपली सोय आपण करतात, तिथे पहिल्याच दिवशी धडकू नका. नेरळ, कशेळे, चौक, मोहोपाडा अशा गावांत फिरा. तिथली ज्युनिअर कॉलेजं आणि छोट्या प्रशिक्षण संस्था हे तुमचं पहिलं गिऱ्हाईक.

आता विद्यार्थ्याच्या जागी उभे राहा. गेटवर आय-कार्ड दाखवायचं. लायब्ररीत वेगळं कार्ड. हजेरी वर्गात कागदावर. परीक्षेला पुन्हा ओळख पटवायची. आणि रेल्वेचा पास काढायचा तर कन्सेशन फॉर्मसाठी ऑफिसच्या खिडकीवर रांग. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या मासिक आणि त्रैमासिक पासात 50 टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी कॉलेजनं भरून दिलेला फॉर्म लागतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजीवरून येणाऱ्या मुलाला विचारा. कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे, गाड्या मोजक्या. रांगेत दहा मिनिटं जास्त गेली की गाडी गेली, मग स्टेशनवर बसून राहा.

अडचण कार्डाची नाही, रांगेची आहे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

एक कार्ड नेमकं काय करतं?

कार्ड म्हणजे फक्त किल्ली. त्यावर फोटो, नाव आणि एक नंबर असतो. तोच नंबर बारकोडमध्येही असतो. खरी माहिती कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये असते. बारकोड स्कॅन केला की त्या विद्यार्थ्याची नोंद समोर उघडते. मग लायब्ररीत पुस्तक त्याच्या नावावर चढतं. परीक्षेच्या दिवशी फोटो पडताळता येतो. कन्सेशन फॉर्म भरताना नाव, जन्मतारीख, घराजवळचं स्टेशन पुन्हा रजिस्टरमध्ये शोधावं लागत नाही. सही-शिक्का राहतोच, वाचते ती शोधाशोध.

हिशेब करू. समजा, महिन्याला 200 विद्यार्थी फॉर्म घेतात. एका फॉर्मला 3 मिनिटं धरली, तर 600 मिनिटं म्हणजे 10 तास झाले. स्कॅन करून तेच काम 1 मिनिटात झालं, तर 200 मिनिटं, म्हणजे 3 तास 20 मिनिटं. क्लार्कचे 6 तास 40 मिनिटं वाचले. प्राचार्यांसमोर हा कागद ठेवा, कार्डाचा चकचकीत नमुना नंतर दाखवा. हे माझे ‘समजा’चे आकडे आहेत. तुम्ही खिडकीजवळ एक तास उभं राहून स्वतः मोजा. मोजलेला आकडा बोलतो.

एका कामापासून सुरुवात करा

हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड 1997 साली सुरू झालं, तेव्हा ते प्रवासाच्या भाड्यासाठी होतं. लोकांच्या हातात ते रुळलं, मग दुकानांत चालू लागलं, शाळांमध्ये हजेरीसाठीही वापरलं जाऊ लागलं. आधी एक काम चोख, मग दुसरं.

तुम्ही लायब्ररीपासून सुरू करा. ग्रंथपालांना विचारा, कोणतं सॉफ्टवेअर आहे? कोहा असेल, ई-ग्रंथालय असेल किंवा सोल असेल. कोहा मोफत मिळतं आणि ते मूळचं न्यूझीलंडचं. ई-ग्रंथालय सरकारच्या एन.आय.सी.चं, तर सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. तिथे सदस्य क्रमांक ज्या पद्धतीनं दिलाय, तोच बारकोडमध्ये घाला. नवा नंबर तयार केलात तर ग्रंथपालांचं काम दुप्पट होईल, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही.

पैसे कार्डावर घेऊ नका

‘कँटीनचे पैसेही याच कार्डात भरून देऊ’ असं सांगायचा मोह होतो. थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे, संस्थेनं दिलेलं आगाऊ भरण्याचं कार्ड फक्त त्याच संस्थेकडच्या खरेदीला चालत असेल आणि त्यातून रोख निघत नसेल, तर त्याला वेगळी परवानगी लागत नाही. पण कँटीन ठेकेदाराचं असेल, शेजारी झेरॉक्सवाला दुसराच असेल, तर हिशेब बदलतो. तिसऱ्याचे पैसे फिरवणं हा आपला धंदा नाही. कँटीनला यूपीआय आहे, ते पुरेसं आहे. पुणे मेट्रोचं ‘एक पुणे’ कार्ड तुम्ही पाहिलं असेल, विद्यार्थ्यांसाठी त्याचा वेगळा पासही निघाला. पण त्यामागे बँक असते. आपण कार्ड आणि माहिती, एवढ्यावरच राहायचं.

आणखी एक. बारकोडची झेरॉक्स निघते. लायब्ररीत समोर माणूस फोटो बघतो, म्हणून तिथे चालतं. कुणी न बघता दार उघडायचं असेल तर चिपचं कार्ड लागतं. तेव्हा ‘चिप आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, कोणती चिप ते विचारा. जगभर वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक चिपचं कुलूप 2008 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी उघडून दाखवलं होतं. स्वस्त मिळते म्हणून तीच गळ्यात मारणारे आजही भेटतील.

माझी चूक, तुमचा धडा

सुरुवातीला मी एका संस्थेची 300 कार्डं छापली. एक्सेलमध्ये नावांचा रकाना क्रमानं लावला आणि फोटो नंबरचा रकाना तसाच राहिला. एकाचं नाव, दुसऱ्याचा फोटो! वाटप सुरू झाल्यावर कळलं. सगळी कार्डं पुन्हा छापली, तीही माझ्या खिशातून. महिन्याची कमाई गेली, पण त्याहून जास्त लागलं ते मुलांचं हसणं. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक वर्गाची फोटोसकट यादी कागदावर काढायची, वर्गात फिरवायची, मुलांची सही घ्यायची, मगच छपाई. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंगही तिथेच दुरुस्त होतं.

माहिती ही ठेव आहे

अकरावी-बारावीची मुलं 18 वर्षांखालची असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची आहे. प्रवेशाच्या फॉर्मसोबतच संमतीपत्र घ्यायला कॉलेजला सांगा. कार्डावर आधार नंबर छापू नका. सरकारचा 12 अंकी ‘अपार’ क्रमांक वेगळा, तो शैक्षणिक नोंदींसाठी आहे, कॉलेजच्या कार्डाला पर्याय नाही. मागच्या बाजूला मुलीचा मोबाईल नंबर नको, कॉलेजचा फोन छापा. फोटोंच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरवू नका, आणि काम झाल्यावर आपल्या कॉम्प्युटरमधून त्या काढून टाकू असं लेखी द्या. मोठा व्हेंडर हे बोलत नाही. तुम्ही बोललात तर विश्वास बसतो.

आता गल्ला

समजा, 1200 कार्डं, दर 60 रुपये. जमा 72,000.

- कोरं पीव्हीसी कार्ड, छपाईचं जॉबवर्क, कव्हर आणि दोरी मिळून 35 रुपये धरले: 42,000
- खराब जाणारी 5 टक्के: 2,100
- फोटो आणि याद्यांसाठी दोन माणसं, 4 दिवस, रोज 700: 5,600
- प्रवास, स्कॅनर लावून देणं, शिकवणं: 3,000

एकूण खर्च 52,700. हातात राहतात 19,300. दर तुमच्या बाजारातून काढा, हा फक्त साचा आहे.

पण खरा धोका इथेच आहे. कॉलेजनं बिल तीन महिने अडकवलं तर तुमचे 52,700 अडकले, आणि त्यात कुणाचे उसने असतील तर घरी उत्तर द्यावं लागेल. म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्या. आगाऊ मिळत नसतील तर एकाच वर्गाचं काम करून दाखवा. पहिल्या वर्षी प्रिंटर विकत घेऊ नका. आणि साधं लॅमिनेशन टाळा, आपल्याकडच्या पावसात ते गणपतीपर्यंत सुटतं.

हरवलेलं कार्ड आणि पुढच्या वर्षीची नवी मुलं हे तुमचं नियमित उत्पन्न. गर्दी जूननंतर असते, म्हणून बोलणी मार्च-एप्रिलमध्येच करा.

गृहपाठ

या आठवड्यात जवळच्या एका कॉलेजात जा. काही विकू नका. ऑफिसच्या परवानगीनं खिडकीजवळ एक तास उभे राहा आणि तीन गोष्टी लिहा: किती मुलं आली, प्रत्येकाला किती मिनिटं लागली, क्लार्कनं तीच माहिती कितीदा लिहिली. तो कागद हेच तुमचं पहिलं कोटेशन.

पुढच्या व्हिडिओत त्या कागदावरून प्रस्ताव कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत कामाला लागा!