मैदान सोडून परतलेला खेळाडू

क्रिकेटमध्यें सीमारेषेजवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांतही असे तीन गडी दूरवर उभे असतात. त्यांस औटफील्डर म्हणतात. दूर आलेला चेंडू झेलणें व तो त्वरेनें आंत फेकणें हें त्यांचें काम. त्यांच्या पाठीमागेंच प्रेक्षक बसत असल्यामुळें स्तुति व निंदा हीं दोन्हीं त्यांच्या कानीं सहज पडतात. अशा एका खेळाडूचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

जिम आयझेनराइक ह्यांचा जन्म १९५९ सालीं मिनेसोटा संस्थानांतील सेंट क्लाउड येथें झाला. बालपणापासून त्यांच्या अवयवांस आपोआप झटके येत व घशांतून चमत्कारिक आवाज निघत. १९८२ सालीं मिनेसोटा ट्विन्स ह्या व्यावसायिक संघांत त्यांस स्थान मिळालें. परंतु त्याच वर्षीं बॉस्टन येथील सामन्यांत कित्येक प्रेक्षकांनीं त्यांची हेटाळणी केली. झटके अनावर होऊन त्यांस मैदान सोडावें लागलें. ही केवळ प्रेक्षकांची भीति होय, असें कांहीं वैद्यांनीं ठरविलें. अखेर १९८४ सालीं, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं तो खेळ सोडला.

खरें कारण निराळेंच होतें. फ्रेंच वैद्य टूरेट ह्यांनीं १८८५ सालीं वर्णिलेला मज्जासंस्थेचा विकार त्यांस होता. हा विकार सांसर्गिक नाहीं व त्यानें बुद्धि मंद होत नाहीं. रागें भरल्यानें तो थांबत नाहीं. उलट मनावर ताण पडला म्हणजे झटके वाढतात.

योग्य निदान व औषधोपचार लाभल्यावर आयझेनराइक गांवच्या हौशी संघांत खेळत राहिले आणि १९८७ सालीं कॅन्सस सिटी रॉयल्स संघातर्फें पुन्हां मैदानावर उतरले. संकटावर मात करणाऱ्या खेळाडूस देण्यासाठीं बॉस्टनच्याच संघानें १९९० सालीं एक पारितोषिक सुरू केलें. त्याचे पहिले मानकरी आयझेनराइक हेच झाले! ज्या नगरींत उपहास झाला, त्याच नगरीनें हा सन्मान केला. पुढें १९९७ सालीं फ्लॉरिडा मार्लिन्स संघाबरोबर त्यांनीं जगज्जेतेपद मिळविलें व १९९८ सालच्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. ह्याच विकारानें पीडित मुलांच्या साहाय्यार्थ त्यांनीं एक संस्थाही स्थापिली.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांनीं त्या दिवशीं आरोळ्या ठोकल्या, ते सारेच कांहीं दुष्ट नव्हते. त्यांस ठाऊक नव्हतें, एवढेंच. आपल्या वर्गांत एखादा मुलगा सारखे डोळे मिचकावीत असेल अथवा खांदे उडवीत असेल, तर त्याची नक्कल करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, छडी उचलण्याआधीं मुलास वैद्याकडे न्यावें. आयझेनराइक ह्यांस परत येतां आलें. परंतु मैदान कायमचे सोडून जाणारे किती असतील, ह्याचा विचार प्रत्येकानें आपल्या मनाशीं करावा.