काही झालं नाही ना, मग झालं तर!

1. 1994 चा सप्टेंबर. गणपती उठून आठवडाही झाला नव्हता. मी सुरतेत लिंबायतला राहायचो, उधन्याच्या एका लूमखात्यात पाळीवर होतो. प्लेगची बातमी फुटली, मेडिकलमधल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या आणि रातोरात लाखो माणसं शहर सोडून निघाली. आम्हीही पोरंबाळं घेऊन भुसावळची गाडी धरली. शेजारच्या आजींना चालवत नव्हतं. ‘दोन दिवसांत येतो’ म्हणालो आणि आलो तीन आठवड्यांनी. आजी ठणठणीत! चहा टाकत म्हणाल्या, ‘काही झालं नाही ना, मग झालं तर.’ चाळीनंही मला तेवढ्यावरच सोडलं. पण आजी वाचल्या त्या त्यांच्या नशिबानं. दाराला बाहेरून कडी घालताना त्या वाचतील की नाही, हे मला कुठं ठाऊक होतं?

2. अमळनेरजवळच्या आमच्या गावानं आम्हाला वेशीवरच अडवलं. आठ दिवस मळ्यातल्या खोपीत काढले, भाकरी बांधावर ठेवून जायचे. मी चुलतभावाशी वर्षभर बोललो नाही. आमच्यातलं कोणी आजारी पडलं नाही, म्हणून गाव निर्दयी ठरलं. एकाला जरी ताप भरला असता तर तेच गाव शहाणं ठरलं असतं. फुफ्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो. गाडीत बसताना मी गावाचा विचार केला होता का? नव्हता.

3. पुढच्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. रस्ते मोकळे झाले, कचरा रोज उचलला जाऊ लागला. 1996 मध्ये सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर म्हणून गाजलं. मीही टाळ्या वाजवल्या. तोडफोडीत ज्यांची दुकानं गेली, त्यांनी वाजवल्या नसतील.

4. पोराच्या पुस्तकात 1664 ची सुरत म्हणजे स्वराज्याचा खजिना, गुजराती शेजाऱ्याच्या तोंडी ती लूट. पैसा स्वराज्याला लागला, एवढ्यावर मी पोराची समजूत काढायचो. हल्ली त्याला आधीचंही सांगतो: शाइस्तेखानाच्या फौजेनं पुणे प्रांताची केलेली दैना. आणि बर्निए या फ्रेंच प्रवाशानं लिहिलेलंही: मयत झालेल्या एका दलालाचं घर, तो दानधर्म करणारा होता म्हणून, शिवाजी महाराजांनी वगळलं.

5. ऑगस्ट 2006. उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. ‘धरण एवढं भरू का दिलं?’ जो तो विचारत होता. रास्त प्रश्न. पण पुढं पावसानं दडी मारली असती आणि धरण रिकामं असतं, तर कालव्यावरच्या शेतकऱ्यानं उलटा प्रश्न विचारला असता. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच: वर किती पाऊस पडतोय हे कधी कळलं आणि दरवाजे कधी उघडले?

आजी 2003 साली गेल्या. त्या दिवशीही मी गावीच होतो. कडीबद्दल त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं.