नवीन वर्ष आणि आत्मपरीक्षण

शास्त्रपाठ : लूक १३:६-९, १ करिंथ ११:१७-३४, मत्तय ५:२३, २४.



माहूरच्या आसपासच्या खेड्यांत सालगडी पाडव्यास साल धरितो. तेव्हा जुन्या सालाचा हिशोब होतो. धनी व गडी समोरासमोर बसतात. उचल किती घेतली, ज्वारी किती दिली, खाडे किती पडले, हे एकेक करून निघते. अशा वेळी प्रत्येकास आपले येणे बरोबर आठवते. देणे मात्र दुसऱ्याने आठवून द्यावे लागते. जानेवारीच्या आरंभी आपणही आपल्या स्वर्गीय धन्यापुढे हिशोबास बसतो. परंतु येथली रीत उलटी आहे. येथे आपले देणे आपणच आठवावयाचे असते. ह्यासच आत्मपरीक्षण म्हणतात.

१. मिळालेले वर्ष ही दया आहे. प्रभूच्या दाखल्यातील अंजिराच्या झाडास विषारी फळे आली होती असे नाही. त्यास काहीच आले नव्हते. तीन वर्षे त्याने केवळ जागा अडविली. म्हणून "आम्ही चोरी करीत नाही, दारू पीत नाही" एवढे म्हणून हिशोब मिटत नाही. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले, पण झाडास स्वस्थ उभे ठेवण्यासाठी नव्हे. मुळाशी खणण्यासाठी व खत घालण्यासाठी. पीक निघाल्यावर आपण रान नांगरून टाकितो; खालची माती वर येते आणि तिला ऊन लागते. आत्मपरीक्षण म्हणजे अंतःकरणाची नांगरट होय. खाली दडलेले वर आले तर भिऊ नये. त्यासाठीच तर नांगर घातला.

२. परीक्षा स्वतःची करावी. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आपणास पारखावे, असे पौल करिंथच्या मंडळीस लिहितो. हे त्याने का लिहिले, इकडे आपले लक्ष क्वचित जाते. तेथे मंडळी एकत्र जमे, पण काही जण आधीच पोटभर जेवीत आणि गरीब बंधू उपाशी राहत. जे पाप त्यांस पारखावयाचे होते ते भोजनाच्या जागीच घडत होते. एका प्रभूचे म्हणविणारे एकमेकांस कसे वागवितात, हाच त्या परीक्षेचा विषय होता.

३. एक उदाहरण. कवी नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी तेव्हा तो घेतला नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर संसार पुन्हा एकत्र सुरू झाला, तरी त्यांनी आपले सोवळे राखिले, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच मनाशी प्रश्न केला की, जाती देवाने केल्या की मनुष्यांनी? उत्तर सापडल्यावर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले आहे. वाचकहो, क्रम लक्षात घ्या. त्यांनी सोवळे आधी टाकिले. बाप्तिस्मा नंतर घेतला. आपल्यांपैकी कित्येकांनी बाप्तिस्मा आधी घेतला, आणि टाकावयाचे ते अजून घरात जपून ठेविले आहे.

४. आपल्या मंडळीकडे पाहू. पूर्वीच्या दोन जातींची घरे एकाच मंडळीत असतात. गीत एकत्र गातात, पण बसताना दोन बाजूंस बसतात. एकमेकांच्या घरचे पाणी टाळितात. सोयरिकीचे नाव निघाले की जुनी जात पुन्हा जिवंत होते. भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली. कायदा विहीर मोकळी करील; मन मोकळे करणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आणि त्यास आपली संमती लागते. ज्या वरच्या लोकांनी आपणास दूर ठेविले त्यांचा अन्याय आपणास पाठ आहे. तोच अन्याय आपण खाली कोणावर करितो काय, हे आपले देणे आहे.

उपदेशक बंधूंनी प्रथम आपल्यापासून आरंभ करावा. सर्व घरांस भेटी दिल्या, असा अहवाल लिहिणे सोपे आहे. कोणत्या घरी आपण बसलो व जेवलो, आणि कोणत्या घराच्या दारातूनच प्रार्थना करून परतलो, हेही लिहून पाहावे.

५. एकच गोष्ट धरावी. वर्षारंभी दहा संकल्प करणारा माघापर्यंत दहाही विसरतो. म्हणून एकच देणे निवडा. धुऱ्याच्या तंट्यामुळे भावाशी बोलणे बंद असेल, तर वेदीपाशी दान ठेवून आधी समेट करावयास जा, ही प्रभूची आज्ञा आहे. एखाद्या घरचे पाणी आजवर टाळिले असेल, तर येत्या प्रभुभोजनापूर्वी तेथे जा, बसा आणि पाणी मागून प्या. एवढे घडले तर प्रभूच्या मेजाजवळ येताना पाऊल जड होणार नाही.

मनन करण्यासाठी प्रश्न :
(१) गेल्या वर्षी माझ्या जीवनात कोणते फळ आले की जे दुसऱ्याच्या उपयोगी पडले?
(२) मंडळीतील कोणाच्या घरी मी कधीच जेवलो नाही? का?
(३) ह्या आठवड्यात फेडता येईल असे माझे एक देणे कोणते?

शेवटी एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्या झाडास पुढील वर्षी फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. दाखला तेथेच थांबतो. माळी कुदळ घेऊन उभा आहे, आणि वर्ष नुकतेच लागले आहे.