अवर्षण, स्थलांतर आणि राज्याची शांतता

दुष्काळनिवारणाच्या अहवालात अभ्यासाचा लेख कशाला, असा प्रश्न कित्येक वर्गणीदारांच्या मनात येणे साहजिक आहे. चारा, धान्य आणि पाणी यांचा हिशेब मांडावा, देणाऱ्यांचे आभार मानावे आणि पुढील सालासाठी पुन्हा हात पसरावा, एवढेच अशा अहवालाचे काम समजले जाते. परंतु शहरातील सुशिक्षित मंडळींकडून आम्हांस अलीकडे एक आक्षेप वारंवार ऐकावयास मिळतो, व त्यास उत्तर दिल्यावाचून वर्गणी मागणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आक्षेप असा की, पृथ्वीचेच हवामान पालटत चालले आहे, पाऊस यापुढे लहरीच राहणार. मग कोरड्या पडणाऱ्या मुलखात माणसांना धरून ठेवण्यात अर्थ काय? जिकडे पोट भरेल तिकडे त्यांना जाऊ द्यावे. आक्षेप घेणारे निर्दय नाहीत. मात्र गाव सोडणारा मनुष्य वेशीबाहेर पडल्यावर पुढे कोठे जातो, कोणत्या कायद्याच्या छत्राखाली जातो, आणि तो जेथे जातो तेथील राज्यव्यवस्थेवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

अवर्षणाचा राज्याच्या शांततेशी संबंध आहे, ही गोष्ट नवी नव्हे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हिंदुस्थानात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. त्यानंतर सरकारने आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल झाला, आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळाचे नियम, ज्यांना फॅमिन कोड म्हणत, ते तयार झाले. या नियमांत दुष्काळाची पूर्वचिन्हे सांगितलेली आहेत. धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडता घेणे, गुरांचे कळप भलत्याच वाटेने जाऊ लागणे, माणसे निरुद्देश भटकू लागणे, आणि चोऱ्यामाऱ्या वाढणे. हे नियम करणारे अधिकारी रयतेच्या प्रेमाने विरघळले होते असे कोणी म्हणणार नाही. खजिन्याची काटकसर ते एक क्षणही विसरले नाहीत. तरीही भटकंती आणि गुन्हे ही दोन चिन्हे त्यांनी एकाच यादीत घातली, यावरून त्यांची नजर कोठे होती हे कळते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे प्रांतात केलेले बंड त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते बंड निव्वळ उपासमारीतून उद्भवले असे म्हणणे फडक्यांवर अन्याय करणारे होईल. परंतु दुष्काळात पाहिलेल्या हालांनी त्यांचे मन पेटले, हेही निर्विवाद आहे. त्यांचे वकीलपत्र घेणारे गणेश वासुदेव जोशी हे पुण्याच्या सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ, आणि हीच सभा दुष्काळी कामांवरील तुटपुंज्या मजुरीविरुद्ध सरकारशी लढली होती, हा योगायोग आमच्या व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता हवामानाविषयी. जुन्या काळचे दुष्काळ आजच्या उष्णतावाढीने झाले असे मानण्याचे कारण नाही. दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपला मोसमी पाऊस पुष्कळदा अडखळतो, ही क्रिया पुरातन आहे, आणि १८७७ व १९७२ या दोन्ही सालांत ती घडली. परंतु कोळसा व खनिज तेल जाळल्याने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेने सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढले, असे पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांना आढळून आले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, पाऊस पडतो पण कामाचा पडत नाही. जो दुष्काळ पूर्वी पिढीत एकदा येई तो वरचेवर येऊ लागला, तर एका दुष्काळातून सावरण्याच्या आत दुसरा गाठतो, आणि सावरण्याची शक्ती संपली की माणूस गाव सोडतो.

तथापि पाऊस गेला म्हणजे राज्य मोडलेच, असे मानणे चुकीचे आहे. याविषयी एकाच काळातील दोन मुलखांची तुलना करून पाहावी. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ होता. १९७१ च्या खानेसुमारीप्रमाणे राज्याची लोकसंख्या ५ कोटींच्या किंचित वर होती, आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर हजर असलेल्या मजुरांची संख्या सुमारे ४९ लाखांवर गेली. म्हणजे लहानथोर धरून दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस खडी फोडीत किंवा पाझर तलावाची माती वाहत होता. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी यांची चव ज्यांनी घेतली ते आजही तोंड वाकडे करून ती सांगतात. पण ते सांगावयास उरले, ही गोष्ट लहान नव्हे. माणसे मुंबईपुण्याकडे गेली नाहीत असे नाही, परंतु गावेच्या गावे उठली नाहीत, आणि राज्यही डळमळले नाही.

याच सुमारास आफ्रिकेतील इथिओपियाच्या वोलो प्रांतात पाऊस पडला नाही. त्या देशात एकंदर धान्याची फारशी तूट नव्हती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. वोलोतील शेतकऱ्याजवळ विकत घ्यावयास पैसा नव्हता, म्हणून भुकेल्या प्रांतातून धान्य राजधानीकडे जात राहिले. लोक घरे सोडून हमरस्त्यावर येऊन बसले. बादशहा हैले सेलासी यांच्या सरकारने ही वार्ता दडपण्याची खटपट केली. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर तेथील दृश्ये दिसली आणि मग ते लपविणे अशक्य झाले. सप्टेंबर १९७४ मध्ये सेनाधिकाऱ्यांनी बादशहास पदच्युत केले, आणि त्यांची जी राजवट आली ती १९९१ पर्यंत टिकली. इंधनाची महागाई, सैन्यातील असंतोष अशी त्या पाडावाची आणखीही कारणे होती. पण लपविलेला दुष्काळ हे त्यांत मोठेच होते. महाराष्ट्रात माणसाला त्याच्या तालुक्यातच काम मिळाले. वोलोत त्याला रस्त्यावर यावे लागले.

जे म्हणतात की लोकसंख्या फुगली म्हणून दुष्काळ मारक होतो, त्यांनीही याच आकड्यांकडे पाहावे. १८७७ पेक्षा १९७२ साली या प्रांतात माणसे कितीतरी अधिक होती, आणि मेली मात्र कितीतरी कमी.

येथे शहरवासी वाचकांस एक आठवण द्यावीशी वाटते. रोजगार हमीची योजना प्रथम १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आजमावली गेली, १९७२ साली ती राज्यभर लागू झाली, तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. तो पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि आम्हां वकिलांनीही भरला. तो भरताना कुरकुर न केलेला वकील आमच्या पाहण्यात नाही. पण खेड्यातील माणूस खेड्यात तगला तर शहराच्या कडेला झोपड्यांची नवी रांग उभी राहत नाही, हा व्यवहार त्या कराच्या मुळाशी होता.

तो व्यवहार न पाहणाऱ्या राज्याचे काय होते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणून सीरियाकडे बोट दाखविले जाते. तेथील ईशान्येचा जझीरा प्रांत हे त्या देशाचे गव्हाचे कोठार. २००६ च्या हिवाळ्यापासून तेथे सलग अवर्षण पडले. कापूस व गहू यांच्या हव्यासापायी भूगर्भातील पाणी आधीच उपसून झाले होते; लोकसंख्या अर्ध्या शतकात चौपटीहून अधिक वाढली होती; आणि नेमक्या याच वेळी, मे २००८ मध्ये, सरकारने डिझेलवरील सवलत काढून घेतली, त्यामुळे ७ पौंडांचे डिझेल २५ पौंडांवर गेले. ज्याची विहीर खोल गेली त्याला पंपही चालविता येईना. संयुक्त राष्ट्रसंघाने दुष्काळग्रस्तांसाठी मदत मागितली. मिळाली ती मागितल्याच्या मानाने अल्प. लक्षावधी माणसे दमास्कस, अलेप्पो, दरा या शहरांच्या कडेला तंबू ठोकून राहिली. मार्च २०११ मध्ये दरा येथे असंतोषाचा भडका उडाला, त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढे जे यादवी युद्ध झाले त्यात ५० लाखांहून अधिक लोक देश सोडून परागंदा झाले.

या उदाहरणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. २०१५ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की मानवनिर्मित उष्णतावाढीमुळे अशा अवर्षणाचा संभव दुपटीतिपटीने वाढला होता, आणि सुमारे १५ लाख लोक त्यामुळे शहरांकडे गेले. २०१७ साली इतर अभ्यासकांनी या आकड्यावर व कार्यकारणसंबंधावर हरकत घेतली. स्थलांतरितांनी उठावात पुढाकार घेतल्याचा पुरावा कोठे आहे, असे त्यांनी विचारले. कोर्टात हा खटला चालला तर केवळ अवर्षणास दोषी ठरविण्याइतका पुरावा आम्हांस दिसत नाही. जे राज्य विहिरी आटू देते, डिझेल महाग करते, तंबूंकडे पाहत नाही आणि तोंड उघडणाऱ्यास तुरुंगात घालते, त्याच्या विरुद्ध मात्र पुरावा भरपूर आहे. चाड सरोवराच्या भोवतालच्या चार देशांविषयीही थोडेफार हेच म्हणता येईल. सुरक्षा परिषदेने मार्च २०१७ च्या ठरावात तेथील अस्थिरतेचा हवामानाशी संबंध मान्य केला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये हाच संबंध साऱ्या जगाला लावणारा मसुदा आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारतानेही विरुद्ध मत दिले. धूर ज्यांनी अधिक सोडला त्यांनी शिक्षकाच्या खुर्चीवर बसू नये, हे भारताचे म्हणणे आम्हांस पटते. पण त्याने दुष्काळी माणसाच्या पदरात काही पडत नाही.

कायद्याकडे वळावे तर परिस्थिती अधिकच विचित्र आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट अथवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असलेला मनुष्यच निर्वासित गणला जातो. समुद्र किंवा सूर्य छळ करीत नाही. भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. प्रशांत महासागरातील किरिबाटी बेटांवरून आलेल्या एका गृहस्थाने, आपली भूमी समुद्र गिळीत आहे म्हणून न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली त्याची मागणी फेटाळली व त्याला परत पाठविण्यात आले. मानवाधिकार समितीनेही त्याचे गाऱ्हाणे अमान्य केले, मात्र जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निर्णयात, जीवितास खरा धोका असेल तेथे माणसाला परत लोटणे निषिद्ध ठरू शकेल, असे तत्त्व नमूद झाले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लादर्शक मतात तेच उचलून धरले. तत्त्व मोलाचे आहे, पण सल्ला हा हुकूमनामा नव्हे. प्रत्यक्ष दार उघडले ते एकाच लहान ठिकाणी: ऑस्ट्रेलिया व तुवालू यांच्यात २०२३ साली करार झाला व २०२४ साली अमलात आला, त्यान्वये वर्षास २८० तुवालूवासीयांस ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याची मुभा मिळते. २०२५ साली पहिली सोडत निघाली तेव्हा सुमारे १० हजार वस्तीच्या त्या देशातून कुटुंबीय धरून ८ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली.

परंतु समुद्र ओलांडणारे थोडेच. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत मिळून २१ कोटींहून अधिक लोकांना आपल्याच देशात जागा सोडावी लागेल. वेळीच उपाय केल्यास हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत घटू शकेल. आपल्याच देशात जागा सोडणे म्हणजे काय, हे पाहावयास आपणांस दूर जावयास नको. दसरादिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी या बाजूंनी ऊसतोडीला निघालेल्या गाड्या पाहाव्या. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते; खाडा झाला तर पैसे कापले जातात; पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तथापि उचल ही कागदावर उसनवारी दिसते. परप्रांती जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासच लागू होता. त्यामुळे बीडचा मजूर कर्नाटकातील कारखान्यावर गेला तर निदान कागदोपत्री त्या कायद्याचा धनी होई, आणि कोल्हापूरच्या कारखान्यावर गेला तर कोणीच नव्हे.

मागे राहणाऱ्यांची स्थितीही विसरून चालणार नाही. मार्च २०१६ मध्ये लातूर येथे पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याच्या जागा यांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये म्हणून तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लावावे लागले. दंग्यासाठी केलेले कलम पाण्याच्या रांगेस लागलेले आमच्या व्यवसायातील जुन्या माणसांनी पूर्वी ऐकले नव्हते. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून आगगाडीने ५ लाख लिटर पाणी आले, आणि मग रांगा आटोक्यात येऊ लागल्या.

या सर्वांवरून आमची समितीस एक सूचना आहे. मदतीच्या याद्या आजवर गावात हजर असलेल्या कुटुंबांवरून होत आल्या. कुलूप लागलेले घर यादीत येत नाही, आणि म्हणून त्या घरात मागे राहिलेली म्हातारी व शाळकरी पोरेही गळतात. यंदाच्या यादीत अशा घरांसाठी वेगळा रकाना असावा: कुटुंब केव्हा गेले, कोठे गेले, कोणाच्या टोळीत, उचल किती, मागे कोण. आणि चाऱ्याची व बियाण्याची मदत दसऱ्यापूर्वी हाती पडेल अशा बेताने वर्गणी जमा व्हावी, कारण दसऱ्यानंतर उचल घेतली गेलेली असते व मग चारा आला तरी गुरे विकून झालेली असतात.