पाठ : वर्षाचे खेळाडू कसे निवडायचे?



नेमबाजी, धावणे, गोळाफेक, बुद्धिबळ अशा निरनिराळ्या खेळांतले वर्षाचे खेळाडू निवडून त्यांच्याविषयी मराठीत लिहायला शिकणे, हा या अंकातला आपला पाठ आहे. वर्ष घेतले आहे २०२४, कारण त्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक अशा दोन्ही स्पर्धा झाल्या.

शुक्रवारच्या वर्गात आम्ही फळ्यावर "२०२४ चे आपले खेळाडू" असे लिहिले आणि नावे विचारली. पाच मिनिटांत फळा भरला. पण एक गंमत झाली. सगळीच्या सगळी नावे क्रिकेटची! त्यात चूक काही नाही. त्या वर्षी भारताने टी-२० विश्वचषक जिंकला आणि कर्णधार आपल्या मुंबईचा रोहित शर्मा होता. पण वर्ष म्हणजे एकच खेळ नव्हे. म्हणून आम्ही फळा पुसला आणि नियम केला : एका खेळातला एकच खेळाडू, आणि क्रिकेट यावेळी सुट्टीवर.

नियम ऐकल्यावर वर्ग जरा गप्प झाला. मग हळूहळू चार नावे जमली. ती नीट समजून घेऊ.

१) स्वप्नील कुसळे (नेमबाजी)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. स्वप्नील तिथला, शिक्षकाचा मुलगा. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक.

थ्री पोझिशन म्हणजे तीन पवित्रे : गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून. लक्ष्य पन्नास मीटरवर असते आणि त्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ साधारण एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढे. अंतिम फेरीत बसून नेम धरल्यानंतर स्वप्नील सहावा होता. पडून नेम धरल्यानंतर पाचवा झाला. शेवटी उभे राहून, म्हणजे सर्वात अवघड पवित्र्यात, तो तिसऱ्या जागेवर आला. त्याचे गुण ४५१.४.

आता एक गोष्ट जी तुमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. २०१५ साली आशियाई नेमबाजी स्पर्धा इथे कुवेतमध्ये झाली होती. तिथे ज्युनिअर गटात स्वप्नीलने सुवर्णपदक जिंकले होते. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. कुवेतपासून पॅरिसच्या पदकापर्यंत नऊ वर्षे गेली. मधे २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथा.

२) अविनाश साबळे (धावणे)

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. घरची गरिबी, आणि शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केली. स्पर्धेसाठी धावणे त्याने सुरू केले ते सैन्यात गेल्यावर.

त्याची शर्यत म्हणजे ३००० मीटर स्टीपलचेस. वाटेत अडथळे असतात : २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा असलेला अडथळा. अडथळ्याची उंची ९१ सेंटिमीटरच्या थोडी वर. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्याच डायमंड लीग स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्याच महिन्यात तो या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचला. भारताचा एकही पुरुष धावपटू तोवर तिथे पोहोचला नव्हता. अंतिम फेरीत तो अकरावा आला.

३) सचिन खिलारी (गोळाफेक)

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन. लहानपणी सायकलवरून पडून डाव्या हाताला दुखापत झाली आणि तो हात कायमचा अधू राहिला. त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवलेही. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात त्याने १६.३२ मीटर गोळा फेकला. तो आशियाई विक्रम ठरला आणि त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक १६.३८ मीटर होती. फरक सहा सेंटिमीटर. आपल्या वहीच्या पट्टीवर सहा सेंटिमीटर मोजून पाहा.

४) दिव्या देशमुख (बुद्धिबळ)

नागपूरची दिव्या २०२४ मध्ये मुलींची ज्युनिअर विश्वविजेती झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाड झाले आणि भारताच्या महिला संघाने पहिल्यांदाच सुवर्णपदक जिंकले. तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही दिव्यालाच मिळाले. पण संघाचा प्रवास सरळ नव्हता. आठव्या फेरीत पोलंडकडून हार झाली. नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली. दहाव्या फेरीत समोर चीन होता. त्या सामन्यात चारपैकी तीन डाव बरोबरीत सुटले आणि एकच जिंकला गेला, तो दिव्याचा. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, तिने बाटुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

वर्गातले भांडण

चार नावे फळ्यावर आली आणि भांडण सुरू झाले. "अविनाशला काढा, तो तर अकरावाच आला!" असे एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "सचिनचं सुवर्ण गेलं." तिसऱ्याने स्वप्नीलचे पदक "फक्त कांस्य" ठरवले.

आम्ही त्या तिघांची वाक्ये तशीच फळ्यावर लिहून घेतली, कारण आजचा व्याकरणाचा पाठ त्यांच्यातच होता. नीट पाहा.

"अविनाश अकरावा आला." ही माहिती झाली.
"अविनाश अकरावाच आला." हे मत झाले.

फरक एका अक्षराचा : च. मराठीत 'च' हे लहानसे अव्यय शब्दाला चिकटते आणि वाक्याचा तोल बदलते. 'फक्त', 'नुसता', 'तरी', 'सुद्धा' हे शब्दही तेच काम करतात. "चौथा आला", "चौथाच आला", "चौथा तरी आला" ही तीन वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहा. आकडा एकच आहे, पण तीन निरनिराळी माणसे बोलत आहेत असे वाटेल.

क्रियापदांचेही तसेच. "सचिनने रौप्य मिळवले" हे खरे आहे. "सचिनचे सुवर्ण सहा सेंटिमीटरने हुकले" हेही खरे आहे. पण "सचिनने सुवर्ण गमावले" हे मात्र खरे नाही. जे आपल्याकडे असते तेच आपण गमावतो. खिशातले दिनार गमावता येतात. जे पदक कधी गळ्यात पडलेच नव्हते, ते कसे गमावणार? वर्तमानपत्रातल्या मथळ्यांतही ही चूक पुष्कळदा सापडते. तुम्ही ती करू नका.

मग अविनाशचे काय? तो अकरावा आला हे लपवायचे का? मुळीच नाही. आकडा खरा लिहायचाच. पण त्याच्या शेजारी दुसरी खरी गोष्टही लिहायची : त्या फेरीत त्याच्याआधी भारताचा एकही पुरुष धावला नव्हता. दोन्ही गोष्टी लिहिल्या की वाचणाऱ्याला खेळाडू दिसतो. एकच लिहिली तर नुसता आकडा दिसतो.

आपल्या शेजारचे उदाहरण

ज्या देशात आपण राहतो त्याचेही एक उदाहरण घेऊ. फहैद अल-दीहानी हे कुवेतचे नेमबाज. २००० साली सिडनीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. कुवेतचे ते पहिले ऑलिंपिक पदक. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात कांस्यासाठी बरोबरी झाली, जादा नेमबाजीत ते मागे पडले आणि चौथे आले. थोड्याच दिवसांत तिथेच ट्रॅप प्रकारात त्यांनी कांस्य मिळवले. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, रिओला त्याच डबल ट्रॅपमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. तेव्हा कुवेतच्या ऑलिंपिक समितीवर बंदी होती, म्हणून ते स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरले होते. पदक देताना कुवेतचा नव्हे, ऑलिंपिकचा ध्वज वर चढला. ध्वज कुठलाही असो, इथल्या लोकांनी ते पदक आपलेच मानले.

कधी कधी वाट फार लांबते

कुस्तीगीर खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले, असे सांगतात. तिथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट स्वप्नीलला, ७२ वर्षांनी.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या आणि पायांतली शक्ती गेली. त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. त्याच समारंभात स्वप्नील आणि सचिन यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला आणि स्वप्नीलच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार. पेटकरांचे पदक खरे होते, पण पुष्कळ वर्षे त्याची आठवण फार थोड्यांना होती. म्हणून खेळाडूंविषयी लिहिणे हे लहान काम समजू नका. कोणी लिहिले नाही तर माणसे विसरतात.

शेवटी थोडे आपल्याबद्दल

हा पाठ आम्ही का निवडला तेही सांगतो. मागे एकदा आपल्याच वर्गातल्या एकाने शाळेच्या शर्यतीत चौथा नंबर आल्याचे घरी सांगितलेच नाही. "विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही," असे तो म्हणाला. आम्हाला ते लागले. मीना अल-अहमदीला आईबाबा पाळीवर जातात, थकून येतात आणि "काय रे, कितवा आलास?" एवढेच विचारतात. प्रश्न प्रेमाचाच असतो. पण उत्तरात लगेच 'च' येणार असेल, तर मूल उत्तर देत नाही.

पालकांनाही म्हणून एक विनंती. नंबर जरूर विचारा. त्यानंतर एक प्रश्न आणखी विचारा : "मागच्या वेळेपेक्षा काय जमलं?" स्वप्नीललाही दोनदा चौथ्या नंबरावरून परत यावे लागले होते. तेव्हा त्याच्या माणसांनी दार लावून घेतले असते, तर पॅरिसला कोण गेले असते?

आपल्या वर्गाची यादी शेवटी चारही नावांसकट कायम झाली. अविनाशला काढा म्हणणाऱ्यानेच त्याच्याविषयीचे वाक्य फळ्यावर लिहिले : "अविनाश साबळे अंतिम फेरीत अकरावा आला. तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष." 'च' नव्हता. शुद्धलेखनाची चूकही नव्हती.

शब्दार्थ
पवित्रा : उभे राहण्याची किंवा बसण्याची ठरलेली पद्धत
अधू : पुरते काम न करणारा (अवयव)
हुकणे : थोडक्यात निसटणे
गमावणे : असलेले घालवून बसणे
गहाण ठेवणे : कर्जासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात तारण देणे

स्वाध्याय
१. रिकाम्या जागी 'हुकले' किंवा 'गमावले' लिहा : (अ) बाबांनी बाजारात पाकीट ____. (आ) सहा सेंटिमीटरने सुवर्ण ____.
२. पुढील वाक्यातला 'च' काढून वाक्य पुन्हा लिहा आणि अर्थात काय फरक पडला ते सांगा : "तिला कांस्यच मिळाले."
३. खाशाबा जाधव आणि फहैद अल-दीहानी यांच्या प्रवासात सारखे काय आहे? चार ओळींत लिहा.
४. घरी आईला, बाबांना किंवा फोनवर आजीआजोबांना विचारा : "तुमचा चौथा नंबर कधी आला होता? पुढे काय केलंत?" त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून पुढच्या शुक्रवारी आणा. निवडक उत्तरे पुढच्या अंकात छापू.