जुने घर, नवे गावठाण

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या दक्षिणेकडून नीरा वाहते. इंदापूरच्या उत्तरेकडून व पूर्वेकडून भीमा वाहते, आणि नीरा-नरसिंहपूर येथे या दोन्ही नद्यांचा संगम होतो. दोन नद्यांच्या कुशीत असूनही हा मुलूख पर्जन्यछायेचा आहे. सह्याद्री ओलांडताना ढग आपले बहुतेक पाणी पश्चिमेकडेच रिते करून येतात. १८८५ साली नीरेचा डावा कालवा पुरा झाला आणि त्याच्या काठची जमीन हिरवी झाली. परंतु भीमेकाठच्या पुष्कळ गावांच्या वाट्याला पुढेही कित्येक वर्षे विहीर, मोट आणि आकाश एवढेच राहिले.

जेथे पाऊस थोडा, तेथे उतरत्या छपराची फारशी गरज पडत नाही. म्हणून या भागातील जुनी घरे माळवदाची असत. भिंती दोन-दोन हात रुंद, खाली दगडाच्या व वर मातीच्या. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. दोन तुळयांमधील जागेला खण म्हणत, आणि घराची मोजदाद फुटांत न होता खणांत होई. कड्यांवर लाकडाच्या चिपा लागून पसरायच्या, त्यांवर तरवडाचा पाला, पाल्यावर कालवलेला चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाणी वाहून जावे म्हणून कडेला पन्हळ ठेवलेली असे. छतात उजेडासाठी एक भोक असे, ते सवणे. मृग नक्षत्र तोंडावर आले, की घरातील माणसे माळवदावर चढून नवी माती पसरीत आणि चोपून घट्ट करीत. उन्हाळ्यात असे घर आतून गार राही, आणि रात्री सारे कुटुंब उघड्या माळवदावर चांदण्यात निजे.

ही पांढरी माती कोठून येई, हे समजून घेण्यासारखे आहे. खेड्यातील माणूस गावच्या भुईचे दोन भाग मानतो. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ज्या जागी माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, जेथे घरे पडली आणि पडलेल्या घरांवर नवी उभी राहिली, जेथे चुलींची राख वर्षानुवर्षे मिसळत गेली, तेथील माती पांढुरकी आणि खारी होते. ती पाणी सहजासहजी आत घेत नाही. माळवदाला हीच माती लागते. पूर्वजांच्या पडलेल्या घरांनीच वंशजांच्या डोक्यावर छत धरावे, असा हा प्रकार होता.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर धरण बांधण्याचे ठरले आणि भीमेकाठच्या या पांढरीचे दिवस भरत आले. धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. एवढे पाणी अडले म्हणजे ते नदीच्या पात्रात राहत नाही. ते दोन्ही काठांवर पसरते. इंदापूरच्या पळसदेवसारखी गावे आणि पलीकडच्या करमाळा तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली जाणार, हे निश्चित झाले. १९७६ साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. गावांना नव्या जागा नेमून देण्यात आल्या. त्यांना नवे गावठाण म्हणू लागले.

अशा एखाद्या गावातील पाच खणांचे एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरात एक म्हातारी, तिचा थोरला मुलगा, सून आणि लहान मुले. गावातील सुतार घर उतरविण्यासाठी आला आहे. घर पाडणे निराळे आणि घर उतरविणे निराळे. पाडायला पहार पुरते. उतरवायला बांधणाऱ्याइतकीच बुद्धी लागते. बांधताना जे शेवटी चढले, ते उतरविताना आधी काढावे लागते. प्रथम माती, मग पाला, चिपा, कड्या, तुळया आणि शेवटी खांब. सुतार प्रत्येक लाकडावर कोळशाने खूण करीत होता, म्हणजे नव्या जागी कोणते लाकूड कोठे बसवायचे ते कळावे.

दाराची चौकट काढण्याची वेळ आली, तेव्हा सुतार थांबला.

"आक्का, ही चौकट फार ठेंगणी आहे," तो म्हणाला. "नव्या घराला नवी, उंच चौकट करू. हिला आताच्या माणसाचे डोके लागते."

"माझे कधी लागले नाही, अण्णा," म्हातारी म्हणाली. "सून म्हणून या दारातून आत आले, तेव्हापासून वाकूनच आत जाते."

"आई, गाडीच्या फेऱ्या मोजक्याच होणार आहेत," थोरल्याने सांगितले. "काय न्यायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवावेच लागेल."

"मग माझी जात्याची जागा गाडीत या चौकटीला दे," म्हातारीने उत्तर दिले. जाते मागे राहिले. चौकट गाडीत चढली.

दगडी उंबराही न्यावा, असे तिच्या मनात होते. पण तो चार माणसांनाही हालेना. अंगणातील लिंब, विहीर आणि जमिनीत खणलेले धान्याचे पेव तर नेण्यासारखे नव्हतेच. म्हातारीने आणखी एक गोष्ट मागितली, तेव्हा मात्र शेजारी हसले. तिला माळवदावरची माती गाडीत भरून हवी होती. मुलाने तिच्या समाधानासाठी तीन गाड्या माती नेली. घर सोडताना भावनेच्या भरात मागितलेली वस्तू म्हणूनच त्याने तिच्याकडे पाहिले. ती माती किती उपयोगाची होती, हे त्याला पहिल्या पावसात समजले.

नवे गावठाण माळावर होते. रस्ते सरळ, चौक काटकोनात, भूखंड सारखे. कागदावर हे गाव जुन्या गावापेक्षा निश्चितच नीटनेटके दिसत असे. परंतु तेथे सावलीला झाड नव्हते, आणि भावकीच्या आळीतील चार घरे आता चार वेगळ्या रांगांत गेली होती. उतरवून आणलेली लाकडे उघड्यावर रचून ठेवली होती. पाऊस लवकर आला आणि सुताराच्या कोळशाच्या खुणा धुऊन गेल्या. मग तो एकेक तुळई उचलून तिच्या खाचा तपासू लागला. कोणती खुंटी कोणत्या खाचेत घट्ट बसते, यावरून त्याने सारा सांगाडा पुन्हा जुळविला. या कामात आठ दिवस गेले. काही तुळयांची टोके भिंतीच्या आत असताना वाळवीने खाल्ली होती, ती कापावी लागली. त्यामुळे नवे घर जुन्यापेक्षा हातभर अरुंद झाले.

पायाचेही असेच. माळावर कोठे मुरूम होता, तर कोठे काळ्या मातीचा पट्टा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंतही मग तडकते. म्हणून गवंड्याने मुरूम लागेपर्यंत पाया खोल नेण्यास सांगितले. ज्यांनी हा खर्च वाचविला, त्यांच्या भिंतींना पहिल्याच उन्हाळ्यात चिरा गेल्या.

छत घालताना मात्र सारेच अडले. माळावर पांढरी माती नव्हती. पांढर तयार व्हायला माणसांची वस्ती लागते, आणि येथे तर ती आताच सुरू होत होती. पुष्कळांनी माळवदावर जवळची तांबडी माती घातली. पहिल्या मोठ्या पावसात ती छते गळू लागली. म्हातारीच्या तीन गाड्यांत दोन खण झाकले. त्या दोन खणांत पाण्याचा थेंब आला नाही. उरलेल्या तीन खणांवर थोरल्याने पत्रे घातले. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवेना, तेव्हा सारे घर त्या दोन खणांत येऊन बसे. हसलेले शेजारीसुद्धा दुपारी तेथेच येत.

चौकटीचा प्रश्न आणखी निराळा होता. जुन्या घराचे दार पूर्वेला होते. नव्या भूखंडाचा रस्ता उत्तरेला. उत्तरेकडे उंच, नवे दार करावे, हा सुताराचा सल्ला म्हातारीने अखेर मानला. जुनी चौकट तिने सोपा आणि माजघर यांच्यामध्ये बसवून घेतली, तोंड पूर्वेला करून. पाहुणे रस्त्यावरून ताठ आत येत आणि माजघरात जाताना वाकत.

नेमक्या त्याच काळाच्या थोडे आधी, दूर इजिप्तमध्ये, असाच एक मोठा उद्योग झाला होता. नाईल नदीवरील आस्वानच्या उंच धरणामुळे अबू सिम्बेल येथील सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीची मंदिरे बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने ती डोंगरातून कापून काढण्यात आली. प्रत्येक शिळेला क्रमांक दिला गेला, आणि ती मंदिरे सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. आपल्या देशातही नागार्जुनसागर धरणात बुडणारे नागार्जुनकोंडा येथील प्राचीन अवशेष उचलून टेकडीवर नेले, आणि ती टेकडी आता जलाशयातील बेट झाली आहे. तेथे देशोदेशीचे तज्ज्ञ आणि मोठी यंत्रे होती. भीमाकाठच्या सुताराजवळ वाकस, करवत आणि कोळशाचा तुकडा होता. त्यातही कोळसा धुऊन गेला.

पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर जागचे हलविले गेले नाही. देवाची स्थापना नव्या गावात नवे मंदिर बांधून झाली. जुने दगडी मंदिर, त्याचे विटांचे शिखर आणि परिसरातील वीरगळ पाण्याखाली गेले. उजनीच्या पाण्याने पुढे ऊस पिकला, सोलापूरची तहान भागली, आणि हिवाळ्यात भिगवणजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. हे सर्व खरे आहे. या पाण्याखाली कोणाची तरी पांढरी आहे, हेही तितकेच खरे आहे.

उसाचा पैसा आला तशी नव्या गावठाणातील घरे पुन्हा बदलली. पत्रे गेले, सिमेंटचे सपाट छत आले. कित्येकांनी जुन्या तुळया विकून टाकल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. वाळवी लागलेले लाकूड केवळ जुने म्हणून डोक्यावर ठेवणे शहाणपणाचे नव्हे. थोरल्यानेही माळवद उतरविले. म्हातारी तेव्हा हयात नव्हती. खाली काढलेली पांढरी माती त्याने परसातील लिंबाच्या आळ्यात घातली. चौकट मात्र त्याने जागची हलविली नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले. पळसनाथाचे मंदिर तळापर्यंत उघडे पडले आणि जुन्या गावांची जोती दिसू लागली. माणसे दुरून दुरून पाहावयास आली. थोरला आता स्वतः म्हातारा झाला होता. नातवाचा हात धरून तो भेगाळलेल्या गाळातून चालत गेला. मातीच्या भिंतींचा मागमूस नव्हता. दगडांच्या चार रांगा होत्या, आणि पूर्वेच्या रांगेत तो उंबरा होता.

नातवाने विचारले, "आजोबा, आपल्या माजघराचे दार याच्यावर होते?"

"मोजून पाहा," आजोबा म्हणाले.

उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना चौकटीचे पाय बसविण्यासाठी कोरलेल्या खाचा होत्या. त्या गाळाने भरल्या होत्या. मुलाने काडीने गाळ उकरून काढला आणि एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत वितीने अंतर मोजले. साडेपाच विती भरले. तो आकडा पुटपुटत तो घरी आला आणि वहाणा न काढताच माजघराच्या दाराशी गुडघे टेकून बसला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पूर्ण भरले आणि उंबरा पुन्हा पाण्याखाली गेला.